चॅफ : डॉप्लर रडारच्या काळात धातूचे तंतू विमानाला खरोखर वाचवतात का?

उत्तरवारा (धागाकर्ता)

नमस्कार. ऑगस्ट २०२१ मध्ये डीआरडीओने एक घोषणा केली होती. जोधपूरची संरक्षण प्रयोगशाळा आणि पुण्यातील एचईएमआरएल (उच्च-ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा) यांनी मिळून लढाऊ विमानांसाठी प्रगत चॅफ आणि त्याचे ‘११८/आय’ नावाचे काडतूस तयार केले असून, चाचण्या यशस्वी झाल्यावर हवाई दलाने ते सेवेत घेण्यास सुरुवात केली आहे, असे त्यात म्हटले होते. ती बातमी वाचल्यापासून एक शंका मनात आहे, ती येथील जाणकारांपुढे मांडतो.

चॅफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेले बारीक तंतू. विमान ते मागे सोडते, त्यांचा ढग पसरतो आणि शत्रूच्या रडारला त्या ढगाकडून जोरदार परावर्तन मिळाल्यामुळे खरे विमान कोणते याचा गोंधळ उडतो, इतके सर्वांना ठाऊक असते. पण ही युक्ती मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा वापरली गेली ती १९४३ साली. आजचे डॉप्लर रडार लक्ष्याचा केवळ पल्ला आणि दिशाच नव्हे, तर परतणाऱ्या लहरींच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून (हाच डॉप्लर परिणाम) त्याचा वेगही मोजते. चॅफ हवेत सोडल्याबरोबर जवळजवळ थांबते आणि विमान मात्र ताशी हजार किलोमीटरने पुढे जात असते. मग रडारला त्या दोघांत फरक करणे कितीसे अवघड असणार? माझे मत असे, की चॅफ आता सवयीने बाळगले जाते. त्यावर नव्याने संशोधन करण्यापेक्षा तोच पैसा इलेक्ट्रॉनिक जॅमरवर (स्वतः लहरी सोडून शत्रूच्या रडारला गोंधळात पाडणाऱ्या यंत्रावर) लावणे शहाणपणाचे ठरले असते. हे मत खोडून काढणारे प्रतिसाद आले तर आनंदच होईल. फक्त जे सार्वजनिक आहे तेवढेच लिहावे, ही विनंती.

त्रिज्या

मताकडे नंतर येते, आधी या प्रकारामागचे भौतिकशास्त्र मांडते, कारण त्याशिवाय पुढची चर्चा हवेत राहील.

विद्युतवाहक तंतूची लांबी रडारच्या तरंगलांबीच्या साधारण निम्मी असेल, तर तो तंतू त्या लहरींशी अनुनाद साधतो आणि आपल्या आकाराच्या मानाने कितीतरी जास्त ऊर्जा परत फेकतो. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ‘वुर्झबुर्ग’ रडारची तरंगलांबी सुमारे ५३ सेंटीमीटर होती, म्हणून ब्रिटिशांनी आपल्या पट्ट्या सुमारे २७ सेंटीमीटर लांबीच्या कापल्या. आजच्या लढाऊ विमानांची आणि क्षेपणास्त्रांची बरीच रडारे ३ सेंटीमीटरच्या आसपास चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी तंतूची लांबी दीड सेंटीमीटर पुरते.

आता थोडे गणित. तंतू हवेत कसेही तिरके असतात असे धरले, तर एका तंतूचे सरासरी परावर्तन क्षेत्रफळ (रडारला वस्तू केवढी दिसते याचे माप) तरंगलांबीच्या वर्गाच्या ०.१५ पट असते. तरंगलांबी ३ सेंटीमीटर असेल, तर ते सव्वा ते दीड चौरस सेंटीमीटर भरते. असे दहा लाख तंतू मोकळे झाले, तर कागदावर १३५ चौरस मीटर परावर्तन मिळते. ज्या लढाऊ विमानांना अदृश्यतेचे विशेष तंत्र लावलेले नाही, त्यांचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ थोड्याच चौरस मीटरांचे असते. प्रत्यक्षात तंतू एकमेकांना चिकटतात, तुटतात, एकमेकांच्या आड येतात. शिवाय एकाच काडतुसात वेगवेगळ्या तरंगलांबींसाठी वेगवेगळ्या लांबीचे तंतू भरावे लागतात, त्यामुळे हा आकडा बराच खाली येतो. तरीही मुठीत मावेल एवढ्या सामग्रीतून विमानाएवढा किंवा त्याहून मोठा प्रतिध्वनी उभा राहतो, हे महत्त्वाचे.

जुन्या पट्ट्या कागदाला ॲल्युमिनियमचा वर्ख लावून केलेल्या होत्या. आजचे तंतू काचेचे असतात, त्यांवर ॲल्युमिनियमचा लेप असतो आणि त्यांची जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. एका लहान काडतुसात ते लाखोंनी मावतात.

गोट्या_सरपंच

शत्रूला एकाच्या जागी दहा विमाने दिसत असतील, तर आपल्या ताफ्यातील स्क्वाड्रनांची तूटही याच मार्गाने भरून काढावी, असा माझा नम्र प्रस्ताव आहे.

पानगळ

सरपंच, प्रस्ताव मंजूर. पण लेखापरीक्षकांकडे डॉप्लर रडार नाही ना, याची आधी खात्री करून घ्या.

धागाकर्त्यांनी १९४३ चा उल्लेख केला आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्या इतिहासातच या प्रश्नाचे निम्मे उत्तर दडलेले आहे. ब्रिटनमध्ये टेलिकम्युनिकेशन्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट या संस्थेत जोन करन या शास्त्रज्ञ महिलेने १९४२ साली अशा पट्ट्यांचे प्रयोग केले. ‘विंडो’ असे सांकेतिक नाव मिळालेले हे तंत्र १९४२ मध्येच वापरण्याजोगे झाले होते. तरीही ते वर्षभराहून अधिक काळ कुलुपात राहिले, कारण जर्मनांनी हीच युक्ती उलट लंडनवर वापरली तर आपल्याच रडारांचे काय होईल, ही धास्ती होती. ब्रिटिश रडारचे जनक मानले जाणारे रॉबर्ट वॉटसन-वॉट हेही विरोध करणाऱ्यांत होते. गंमत अशी, की जर्मनांनीही ‘ड्युपेल’ नावाने नेमके हेच तंत्र तपासले होते आणि जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने नेमक्या याच भीतीपोटी त्यावरचे काम दाबून ठेवले होते. दोन्ही पक्षांच्या हाती तेच हत्यार होते आणि समोरच्याला ते सुचू नये म्हणून दोघेही गप्प होते.

अखेर २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवरील हल्ल्यात ते वापरले गेले. ७९१ विमाने पाठवली होती आणि हल्ल्याच्या मार्गावर प्रत्येक विमानातून दर मिनिटाला पट्ट्यांचा एक गठ्ठा बाहेर टाकला जात होता. जमिनीवरील वुर्झबुर्ग रडारांना आणि रात्रीच्या लढाऊ विमानांतील ‘लिख्टेनश्टाइन’ रडारांना एकाच वेळी हजारो लक्ष्ये दिसू लागली. रडारच्या इशाऱ्यावर हलणारे प्रकाशझोत आकाशात भरकटले आणि तोफा अंदाजाने डागाव्या लागल्या. त्या रात्री १२ विमाने पडली, म्हणजे सुमारे दीड टक्का. त्या काळच्या हानीच्या मानाने हे प्रमाण फारच कमी होते. मात्र याच हल्लामालिकेत तीन रात्रींनी हॅम्बुर्गमध्ये आगीचे वादळ उठले आणि एकूण सुमारे ४० हजार माणसे मेली. तेव्हा या युक्तीचे कौतुक करताना तिच्या आडून काय साधले गेले, हेही लिहिणे मला आवश्यक वाटते.

कर्कवृत्त

पानगळ यांचा प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यांनी कथा पहिल्या रात्रीवर थांबवली. पुढचे वाचले तर धागाकर्त्यांचीच बाजू भक्कम होते.

जर्मनांनी प्रत्युत्तर काही आठवड्यांतच उभे केले. एक प्रत्युत्तर अगदी साधे होते : एकाच इंजिनाची लढाऊ विमाने शहरावर पाठवायची आणि आगीच्या व प्रकाशझोतांच्या उजेडात बॉम्बफेकी विमाने डोळ्यांनी हेरायची. दुसरे म्हणजे, पट्ट्यांचा ढग कोठे सरकतो आहे यावरूनच बॉम्बफेकी ताफ्याचा मार्ग ओळखायचा आणि आपली विमाने त्या प्रवाहातच घुसवायची. तिसरे तांत्रिक होते : वुर्झबुर्गला ‘वुर्झलाउस’ नावाचे जोडयंत्र लावून हलते लक्ष्य आणि स्थिर पट्ट्या यांत डॉप्लर परिणामाच्या आधारे फरक करण्याचा प्रयत्न झाला. म्हणजे धागाकर्ते ज्या डॉप्लरविषयी बोलत आहेत, तो या खेळात १९४३ मध्येच उतरला होता. चौथे म्हणजे ‘एसएन-२’ हे नवे रडार. त्याची तरंगलांबी तीन मीटरांहून अधिक असल्यामुळे २७ सेंटीमीटरच्या पट्ट्यांचा त्याला काहीच त्रास होत नव्हता. ब्रिटिशांना त्याचा पूर्ण उलगडा झाला तो १३ जुलै १९४४ रोजी, जेव्हा एक जर्मन ‘युंकर्स-८८’ विमान वाट चुकून थेट इंग्लंडमधील वुडब्रिजच्या धावपट्टीवर उतरले. त्यानंतर त्या रडारविरुद्ध लांब पट्ट्यांचा वापर सुरू झाला.

मुद्दा असा, की शत्रूच्या रडारची तरंगलांबी माहीत नसेल तर चॅफ म्हणजे नुसता कचरा आहे, आणि ती माहीत असली तरी समोरचा हात बांधून बसत नाही.

जुना_आलेख

मी नोकरीची बरीच वर्षे रडारच्या देखभालीत काढली आहेत. कोणत्या रडारच्या, ते लिहिणार नाही आणि कृपया कोणी विचारूही नये. मूळ प्रश्न वेगाचा आहे, म्हणून त्याविषयी लिहितो.

भरधाव जीपमागे उडालेला फुफाटा जसा जागच्या जागी तरंगत राहतो आणि जीप पुढे निघून जाते, तसे चॅफचे होते. तंतूंना वजन जवळजवळ नसतेच, त्यामुळे हवेच्या रोधाने त्यांचा पुढचा वेग क्षणार्धात संपतो. त्यानंतर ते वाऱ्याबरोबर वाहतात आणि सेकंदाला काही दशांश मीटर इतक्या सावकाश खाली येतात. पल्स-डॉप्लर रडार इतक्या मंद गोष्टी चाळणीने बाजूला काढते. इथपर्यंत धागाकर्त्यांचे म्हणणे अचूक आहे.

परंतु डॉप्लर रडार लक्ष्याचा पूर्ण वेग मोजत नाही. लक्ष्य रडारच्या दिशेने किंवा रडारपासून दूर जाताना जो वेग असतो, तेवढाच त्याला कळतो. वैमानिकाने विमान वळवून रडारच्या दिशेशी काटकोनात नेले, तर ताशी हजार किलोमीटरने उडणाऱ्या विमानाचा रडारच्या दृष्टीने वेग शून्याच्या आसपास येतो. डोंगर, झाडे, इमारती यांच्याकडून येणारे परावर्तन गाळण्यासाठी रडारने जी चाळणी लावलेली असते, तीत अशा वेळी विमानच अडकते. रडारने चाळणी घट्ट ठेवली तर विमान नाहीसे होते आणि सैल केली तर चॅफ आत येते. वैमानिक नेमक्या त्या वळणावर चॅफ सोडतो. तेव्हा विमान आणि ढग एकाच पल्ल्यावर, एकाच दिशेला आणि जवळजवळ एकाच भासमान वेगाने दिसतात, आणि लक्ष्यावर खिळलेली रडारची खिडकी (पल्ल्याचा आणि वेगाचा जेवढा टप्पा रडार पाहत राहते तो) ढगाकडे सरकण्याची शक्यता वाढते. वैमानिक लगेच उंचीही बदलतो, म्हणजे खिडकी पुन्हा विमानावर येण्याआधी तो तिथून निसटलेला असतो.

याउलट, रडारकडे नाक करून सरळ उडत असताना चॅफ सोडले, तर आधुनिक रडारपुढे त्याचा उपयोग फार थोडा. चॅफला वैमानिकाच्या हालचालीपासून वेगळे काढून ‘चालते की नाही’ असे विचारले, तर उत्तर चुकीचेच येणार.

उत्तरवारा (धागाकर्ता)

जुना_आलेख साहेब, हा खुलासा नेमका हवा होता. मग उपप्रश्न असा : वैमानिकाला काटकोनात वळायला वेळ मिळेल, ही हमी कोण देणार? क्षेपणास्त्र जवळ आले आहे हे वेळेत कळले नाही, तर ही सगळी भूमिती कागदावरच राहील.

जुना_आलेख

हमी कोणीच देत नाही. म्हणूनच रडारचा झोत विमानावर पडला आहे आणि तो शोध घेणारा आहे की नेम धरणारा आहे, हे सांगणारा इशारा-ग्राहक विमानात असतो, आणि चॅफ सोडणारी यंत्रणा त्याला जोडलेली असते. किती काडतुसे, किती अंतराने आणि किती वेळा सोडायची, याचे क्रम उड्डाणापूर्वीच भरून ठेवलेले असतात. प्रसंगी वैमानिक बटण दाबून ते स्वतः सुरू करतो.

सायली_न

मी या विषयातील नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमस्व. हवाई दलाच्या प्रात्यक्षिकांत विमाने मागे झगझगीत गोळे सोडताना दिसतात, तेच चॅफ का?

त्रिज्या

सायलीताई, प्रश्न मुळीच बाळबोध नाही. ते झगझगीत गोळे म्हणजे फ्लेअर. उष्णतेचा माग काढणाऱ्या क्षेपणास्त्रांना इंजिनापेक्षा अधिक आकर्षक असा उष्ण स्रोत दाखवणे हे त्यांचे काम असते. चॅफ रडारला फसवते. ते जळत नाही, चमकत नाही आणि जमिनीवरून सहसा दिसतही नाही, म्हणून प्रात्यक्षिकात त्याला टाळ्या मिळत नाहीत. दोन्ही बहुधा एकाच पेटीतून सोडले जातात. आपल्याकडे अशी सोडणयंत्रे भारत डायनॅमिक्स ही सरकारी कंपनी बनवते.

फ्लेअर नसण्याची किंमत आपण कारगिलमध्ये मोजली आहे. २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगजवळ खांद्यावरून डागलेल्या स्टिंगर क्षेपणास्त्राने आपले एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले आणि त्यातील चारही जण हुतात्मा झाले. त्या हेलिकॉप्टरवर फ्लेअर सोडण्याची सोय नव्हती. अशा क्षेपणास्त्रापुढे चॅफचा मात्र काही उपयोग झाला नसता, कारण ते रडार वापरतच नाही.

कर्कवृत्त

पुन्हा चॅफकडे येऊ. जुना_आलेख यांनी सांगितलेला उपयोग हा स्वसंरक्षणाचा आहे, म्हणजे एक विमान स्वतःसाठी चॅफ सोडते. दुसरा प्रकार म्हणजे आधीच्या विमानांनी चॅफचा लांबलचक पट्टा आकाशात पेरून ठेवायचा आणि मागच्या ताफ्याने त्याच्या आडून जायचे. या दुसऱ्या प्रकाराची कसोटी डिसेंबर १९७२ मध्ये व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने हनोईवर केलेल्या ‘लाइनबॅकर-२’ या बॉम्बफेकीच्या मोहिमेत लागली, आणि तिचा पूर्वार्ध वाचण्यासारखा आहे.

अमेरिकेची फँटम विमाने पुढे जाऊन चॅफ पेरत आणि मागून बी-५२ ही मोठी बॉम्बफेकी विमाने येत. पण त्या उंचीवर वारा इतका जोराचा होता, की बॉम्बफेकी विमाने पोचेपर्यंत पट्टा बाजूला सरकलेला असे. भरीस भर म्हणून बॉम्ब टाकल्यावर सर्व विमाने ठरावीक जागी वळत. त्या वळणावर ती पट्ट्याबाहेर पडत आणि त्यांच्या पोटातील जॅमरांचा झोतही जमिनीवरील रडारांवरून ढळे. रोज तोच मार्ग, तीच उंची आणि तेच वळण असल्यामुळे व्हिएतनामी क्षेपणास्त्र दलांना अंदाज बांधणे सोपे झाले. २० डिसेंबरच्या एका रात्रीत सहा बी-५२ पडली. संपूर्ण मोहिमेत ती संख्या १५ झाली.

पानगळ

कर्कवृत्त, आता कथा अर्ध्यावर थांबवण्याची पाळी तुमची! २६ डिसेंबरला डावपेच बदलले. अरुंद पट्ट्याऐवजी रुंद पसरलेले चॅफ टाकले गेले आणि १२० बी-५२ विमाने अनेक दिशांनी येऊन अवघ्या पंधरा मिनिटांत बॉम्ब टाकून गेली. त्या रात्री दोन विमाने पडली. चॅफ तेच होते, रडार तेच होते आणि क्षेपणास्त्रेही तीच होती; बदलले होते ते नियोजन. अर्थात डावपेचांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही, हे मला मान्य आहे.

नियोजनाचेच आणखी एक उदाहरण देतो. ६ जून १९४४ च्या पहाटे, नॉर्मंडीवर सैन्य उतरण्याआधी, ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनची लँकेस्टर विमाने फ्रान्सच्या किनाऱ्यावरील कॅप दांतिफेरच्या दिशेने लांबट वर्तुळे घेत ठरावीक क्षणी विंडोचे गठ्ठे टाकत राहिली. प्रत्येक फेरी किंचित पुढे सरकत होती, त्यामुळे जर्मन किनारी रडारांना ताशी काही सागरी मैलांनी येणारा जहाजांचा काफिला दिसावा, अशी ती रचना होती. तंतू मंद असतात, ही धागाकर्त्यांनी दाखवलेली उणीव येथे थेट गुण ठरली, कारण सोंगच मुळी मंद वस्तूचे घ्यायचे होते.

दर्यावर्दी_अलिबाग

जहाजांचा विषय निघालाच आहे, तर थोडे विषयांतर करतो. ते शेवटी धाग्याच्या प्रश्नाशीच येऊन मिळेल.

विमानाच्या बाबतीत डॉप्लर चॅफला उघडे पाडतो, पण जहाज स्वतःच मंद असते. त्यामुळे समुद्रावर चॅफ आजही अधिक पटण्याजोगे सोंग वठवते. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या नौकांनी डागलेल्या ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रांनी इस्रायलची ‘आयलात’ ही विनाशिका बुडवली. डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या नौदलाने कराचीवरील हल्ल्यात याच जातीची क्षेपणास्त्रे वापरली. इस्रायलने आयलातचा धडा गिरवला आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये लाताकियाच्या लढाईत सीरियाने स्टिक्स डागली, तेव्हा इस्रायली नौकांनी चॅफ आणि जॅमर यांची जोड वापरली. इस्रायलची एकही नौका बुडाली नाही, सीरियाच्या पाच बुडाल्या.

मात्र चॅफने चकवलेले क्षेपणास्त्र नाहीसे होत नाही. २५ मे १९८२ रोजी फॉकलंडच्या युद्धात अर्जेंटिनाच्या विमानांनी एक्झोसेट ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रे डागली. ब्रिटिश युद्धनौकांनी चॅफ सोडले. त्यामुळे चकलेल्या क्षेपणास्त्रांना पलीकडे ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज सापडले, ज्यावर चॅफ नव्हते. त्यावरची हेलिकॉप्टरे जहाजासह गेली आणि बारा माणसे दगावली.

आपल्याकडे याच जोधपूरच्या प्रयोगशाळेने नौदलासाठी लघु, मध्यम आणि दीर्घ पल्ल्याची चॅफ अग्निबाणे बनवली असून त्यांच्या चाचण्या नौदलाने अरबी समुद्रात घेतल्या, हे एप्रिल २०२१ मध्ये जाहीर झाले. जून २०२४ मध्ये सूक्ष्मलहरी अडवणारे मध्यम पल्ल्याचे अग्निबाण नौदलाकडे सोपवण्यात आले. त्यात विशेष प्रकारचे तंतू असतात आणि अशा ढगाने हवेतील लक्ष्याचे रडारवरील क्षेत्रफळ ९० टक्क्यांनी घटल्याचे चाचणीत दिसले, असे सांगितले गेले. येथे हेतू खोटे लक्ष्य उभे करण्याचा नसून खरे लक्ष्य झाकण्याचा आहे, हा फरक लक्षात घ्यावा.

गोट्या_सरपंच

फॉकलंडचीच एक गोष्ट. युद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिशांच्या सी हॅरियर विमानांत चॅफ सोडण्याची यंत्रणा नव्हती, म्हणून चॅफची पाकिटे विमानाच्या एअरब्रेकच्या झडपेत कोंबून ठेवत. वैमानिकाने एअरब्रेक उघडला की पाकिटे बाहेर पडत. जुगाड हा केवळ आपला वारसा नाही, हे वाचून मला थोडे वाईट वाटले. अर्थात असे चॅफ एकदाच सोडता येते, आणि त्यासाठी वेगही कमी करावा लागतो.

शिवारफेरी

मी हवामानाच्या बाजूने एक भर घालतो. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत इलिनॉय, इंडियाना आणि केंटकी या राज्यांच्या परिसरात हवामान रडारवर पावसासारखा भलामोठा पट्टा दिसू लागला, पण आकाश निरभ्र होते. चौकशीअंती लष्करी मालवाहू विमानाने सरावात सोडलेले ते चॅफ असल्याचे निष्पन्न झाले. तंतू इतके हलके असतात, की ते तासन्‌तास वाहत शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. नव्या प्रकारची हवामान रडारे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी पाठवतात. पडताना तंतू बरेचसे आडवे राहत असल्याने दोन्हींच्या प्रतिध्वनींत मोठी तफावत येते, आणि पावसापासून चॅफ वेगळे ओळखता येते.

यासाठीच अमेरिकेत सरावासाठीच्या चॅफमध्ये नागरी विमानवाहतूक रडारांच्या तरंगलांबीशी जुळणारे तंतू वगळलेले असतात. १९८५ मध्ये नौदलाचे चॅफ वीजवाहिन्यांवर पडून सॅन दिएगो भागात वीज गेली होती, अशीही नोंद आहे. जमिनीवर पडणाऱ्या चॅफच्या परिणामांचा प्रश्न तिथल्या संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९८ च्या अहवालात घेतला होता. आपल्याकडे सराव कोठे आणि किती होतो, याची चर्चा येथे करणे योग्य नाही. पण सरावाचे चॅफ आणि युद्धाचे चॅफ वेगळे ठेवण्याची ही कल्पना मला शहाणपणाची वाटते.

उत्तरवारा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून मी मूळ प्रश्न अधिक नेमका करतो, कारण ‘चॅफ चालते का’ हा प्रश्न फार ढोबळ होता. जमिनीवरील मोठ्या, शक्तिशाली, अनेक तरंगलांबींवर काम करणाऱ्या रडारविरुद्ध एकट्या चॅफवर विसंबता येत नाही, हे माझे म्हणणे मला अजूनही टिकणारे वाटते. पण क्षेपणास्त्राच्या नाकातील छोट्या रडारविरुद्ध काय?

जुना_आलेख

तोच खरा आजचा उपयोग आहे. क्षेपणास्त्राच्या नाकात बसणाऱ्या रडारला वीज मर्यादित, ॲन्टेना वीतभर आणि निर्णयाला वेळ अवघा काही सेकंदांचा असतो. जमिनीवरील रडार लक्ष्य हरवले तर ते पुन्हा शोधू शकते. क्षेपणास्त्र एकदा ढगाकडे वळले की त्याला माघारी फिरण्याइतकी ऊर्जा उरतेच असे नाही. क्षेपणास्त्राच्या रडारलाही डॉप्लरची चाळणी असते हे खरे, पण काटकोनाची अडचण त्यालाही तशीच येते.

दुसरे, जगात सगळ्यांकडेच अद्ययावत रडारे नाहीत. साठ-सत्तरच्या दशकांतील रचनेची कितीतरी क्षेपणास्त्रे आजही तैनात आहेत. त्यांच्यापुढे जुने उपायही पुरेसे परिणामकारक ठरतात.

आणि जॅमर की चॅफ, असा पर्याय प्रत्यक्षात नसतोच. जॅमरचा झोत विमानावरून थेट शत्रूकडे पाठवण्याऐवजी चॅफच्या ढगावर पाडला, तर त्या ढगाकडून परतणाऱ्या लहरींना हवा तो डॉप्लर देता येतो, आणि मंद ढग वेगवान लक्ष्यासारखा भासू शकतो. म्हणजे ज्या जॅमरवर पैसा लावावा असे आपण सुचवले होते, तोच चॅफचा सर्वांत मोठा दोष झाकतो.

कर्कवृत्त

हे मान्य. तरी एक नोंदवतो, की जगाचा कल आता स्वतः लहरी प्रक्षेपित करणाऱ्या चकव्यांकडे आहे. विमानामागे तारेने ओढला जाणारा ‘एएलई-५०’ विमानाच्याच वेगाने जातो, त्यामुळे वेगाची चाळणी त्याला पकडू शकत नाही. ‘ब्राइटक्लाउड’ तर फ्लेअरच्याच सोडणयंत्रातून सोडता येतो आणि शत्रूच्या रडारची लहर टिपून, तिच्यात फेरफार करून परत पाठवतो. चॅफच्या काडतुसापुढे त्यांची किंमत मात्र कितीतरी पट असते, म्हणून ते उदार हस्ते उधळता येत नाहीत.

सायली_न

सगळे प्रतिसाद वाचले, बरेच समजले. शेवटचा प्रश्न : एका विमानात अशी किती काडतुसे असतात? संपली तर काय?

त्रिज्या

विमानानुसार फरक पडतो. एफ-१६ सारख्या विमानावरील सोडणयंत्राच्या एका पेटीत इंचभर चौकोनी आकाराची ३० काडतुसे बसतात आणि अशा थोड्याच पेट्या विमानावर असतात. त्यांतच चॅफ आणि फ्लेअर यांची वाटणी करावी लागते. जाण्याच्या मार्गावर रडारचलित क्षेपणास्त्रांचा धोका अधिक की उष्णतेचा माग काढणाऱ्यांचा, याचा अंदाज घेऊन ती वाटणी जमिनीवरच ठरते. हवेत गेल्यावर ती बदलता येत नाही. काडतुसे संपली की वैमानिकाकडे जॅमर, वेग, उंची आणि डोंगराची आड एवढेच उरते, आणि बहुतेक वेळा त्याला परत फिरण्याचा निर्णय घ्यावा लागतो.